वाचकांचे प्रश्न : संगणकाची जाण सरकारी फाइलपर्यंत कशी पोहोचवायची?

सरकारी धोरण ठरताना सॉफ्टवेअर, नेटवर्क किंवा इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या माणसानं आपलं म्हणणं कुठं आणि कसं मांडावं, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. एकसारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला, पुण्यात डेटाबेसचं काम करतो. वडिलांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये एक आणि आधारवर इंग्रजीत दुसरं आहे. 'नाव जुळत नाही' म्हणून त्यांची शेतकरी नोंदणी अडकली. गावात असे पुष्कळ आहेत. तक्रार केली तर ती 'निकाली' दाखवून बंद झाली. जुळणीचा प्रोग्रॅम थोडा बदलला तर हे सुटेल, हे मला दिसतंय. सांगायचं कुणाला?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन कामं एकमेकांत मिसळली आहेत. वडिलांच्या नावाची दुरुस्ती ही तक्रार आहे. जुळणीचा नियम बदलणं हे धोरण आहे. तक्रार हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला नियम बदलायचा अधिकार नसतो. तो फार तर एक प्रकरण सोडवतो, नाहीतर बंद करतो. म्हणून दोन वेगळे कागद करा. दुरुस्तीचा अर्ज तहसीलदार कार्यालयात देऊन टाका, तो कशासाठीही थांबवू नका. दुसरा कागद वेगळ्या टेबलासाठी आहे, आणि त्याला मेहनत जास्त लागेल.

त्या कागदात नाव का जुळत नाही ते आधी नेमकं लिहा. 'सॉफ्टवेअर सदोष आहे' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. आपल्या भागातली कारणं उघड आहेत, पण बेंगळूरमध्ये बसून ती दिसत नाहीत. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बोलला जात नाही, कन्नडमध्ये बोलला जातो. त्यामुळे आधारवर रोमन लिपीत सहा अक्षरांचा असलेला 'गणपत' कन्नड उताऱ्यावरून यंत्रानं रोमनमध्ये उतरवला की आठ अक्षरांचा होतो. '-कर' आडनावांच्या शेवटीही असाच जादा स्वर चिकटतो. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' या स्वरांना ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन रूपं आहेत, मराठीत एकच. म्हणून 'केदारी', 'गोविंद' ही नावं कन्नड नोंदीत दोन तऱ्हांनी सापडतात. 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ्ह' प्रत्येक कारकून आपापल्या पद्धतीनं लिहितो. शिवाय दक्षिण कर्नाटकात 'अमुक बिन तमुक' अशी नोंद सर्रास असते, तर आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या काळापासून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. आणि 'राव', 'आप्पा', 'बा' हे एका कागदावर असतात, दुसऱ्यावर नसतात.

मग पुरावा जमवा. गावातून, ज्याच्या त्याच्या संमतीनं, किमान 100 जोड्या घ्या : उताऱ्यावरचं नाव जसंच्या तसं आणि आधारवरचं जसंच्या तसं. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल यांतलं काहीही घेऊ नका; तुमच्या कामाला त्यांची गरज नाही, आणि ते घेतले तर निवेदन बाजूला पडून तुमचीच चौकशी सुरू होऊ शकते. प्रत्येक जोडीपुढं वरच्या कारणांपैकी कोणतं लागू पडतं ते लिहा. एवढ्यावर थांबलात तर मात्र प्रस्ताव अर्धाच राहतो. आणखी 100 जोड्या अशा घ्या की ज्यांची नावं जवळची आहेत पण माणसं वेगळी आहेत. भावकीच्या गावात त्या सहज मिळतील : राजू मारुती आणि राजा मारुती हे एकाच घरातले सख्खे भाऊ असू शकतात. तुमचा सैल केलेला नियम दोन्ही गटांवर चालवा आणि दोन आकडे द्या : खऱ्या जोड्यांपैकी किती सुटल्या, आणि वेगळ्या माणसांपैकी किती चुकून एक झाले. दुसरा आकडा लपवलात तर प्रस्ताव पहिल्याच बैठकीत पडेल, कारण एकाचं अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जाणं ही अधिकाऱ्याच्या दृष्टीनं अडकलेल्या नोंदणीपेक्षा कितीतरी मोठी आपत्ती असते.

मागणी तीन पायऱ्यांत मांडा. शेवटचा स्वर, ऱ्हस्व-दीर्घ आणि आदरार्थी शेपट्या काढून टाकल्यावर जी नावं तंतोतंत जुळतात ती मंजूर. जी जवळ येतात पण जुळत नाहीत ती यादी म्हणून तलाठ्याकडे, जागेवर पडताळणीसाठी. बाकीची नामंजूर, पण कारणासह. यातला सगळ्यात स्वस्त बदल शेवटच्या पायरीत आहे : पडद्यावर नुसतं 'जुळत नाही' न दाखवता कोणत्या कागदावरचं कोणतं नाव कोणत्या नावाशी ताडलं ते दाखवणं. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठी निविदा. मुख्य मागणी फेटाळली गेली तरी हा तुकडा मंजूर होऊ शकतो, म्हणून तो वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

आता पत्ता. नाव नेमकं कोणत्या यंत्रणेनं नाकारलं ते आधी शोधा. संदेशाचा फोटो घेऊन ठेवा. उतारा 'भूमी' प्रकल्पाचा, म्हणजे महसूल खात्याचा. 'फ्रूट्स' ही राज्याची शेतकरी नोंदणी, तिच्यात कृषी आणि ई-गव्हर्नन्स ही दोन्ही खाती येतात. पीएम-किसान केंद्राची योजना आहे, तिचे नियम दिल्लीत ठरतात. एकाच्या दोषाचं निवेदन दुसऱ्याकडे गेलं की महिनाभरानं 'आमच्या अखत्यारीत नाही' एवढंच उत्तर येतं. मूळ प्रत संबंधित खात्याच्या सचिवांना, दुसरी डीसी साहेबांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना. डीसी ऑफिसची प्रत औपचारिकता म्हणून देऊ नका. बेंगळूरहून 'जिल्ह्याचा अभिप्राय काय' अशी विचारणा येते तेव्हा हाताशी काहीतरी असावं यासाठी ती असते. दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात 'का केलं नाही' असं विचारू नका, तो माहितीचा प्रश्न धरला जात नाही. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजवर झालेल्या टिपणींची आणि पत्रव्यवहाराची प्रत द्यावी' असं लिहा. कर्नाटकच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो; शुल्क 10 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. टिपणीची प्रत हाती आली की फाइल कोणत्या टेबलावर आणि कोणत्या शंकेपाशी थांबली ते कळतं. पुढचं पत्र त्या एका शंकेचं उत्तर असावं, मूळ निवेदनाची उजळणी नसावी.

प्रश्न : निपाणीत आम्ही मराठीत निवेदन दिलं तर ते वाचलंच जात नाही असा अनुभव आहे. कन्नडमध्येच द्यायला हवं का? (निपाणी आणि बेळगाव-वडगावहून दोन पत्रं)

उत्तर : हक्क आणि उपयोग हे दोन वेगळे विचार आहेत, आणि दोन्ही महत्त्वाचे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. तेव्हा मराठीतलं निवेदन टपालात स्वीकारायलाच नकार दिला जात असेल, तर या कलमाचा उल्लेख करून नकार लेखी मागा. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण 15 टक्के किंवा जास्त आहे, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांपैकी एक आहे. ते पाळलं जात नसेल तर कलम 350 ब खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे दाद मागता येते.

पण तुमचा उद्देश नियम बदलून घेण्याचा आहे. फाइलवर टिपणी लिहिणारा अधिकारी कन्नडमध्ये लिहितो, आणि तुमच्या निवेदनातलं वाक्य तो जसंच्या तसं उचलू शकला तर त्याचं काम सोपं होतं. म्हणून आमची स्पष्ट शिफारस अशी : पहिलं पान कन्नडमध्ये, त्यात अडचण, मागणी आणि सुचवलेली शब्दरचना, सोबत मराठी मूळ प्रत, तांत्रिक तक्ते इंग्रजीत. यानं मराठीचा हक्क सुटत नाही, कारण मराठी प्रतीवरही शिक्का बसतो. कन्नड मजकूर यंत्राकडून करून घेतला असेल तर कन्नड चांगली येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्याच. यंत्र नकार आणि अटी कधीकधी उलट्या करतं, आणि 'सक्ती करू नये'चं 'सक्ती करावी' झालं तर निवेदन तुमच्याच विरोधात जातं. मजकूर युनिकोडमध्ये हवा. कन्नडच्या जुन्या नुडी फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत उघडतो, आणि त्यातून केलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत.

माहिती अधिकारात मात्र भाषेची तरतूद वेगळी आहे. तिथं इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाची राजभाषा एवढेच पर्याय आहेत. त्यामुळे राज्याच्या कार्यालयाकडे तो अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्या, म्हणजे भाषेच्या मुद्द्यावर परत यायला जागा राहत नाही.

प्रश्न : डिसेंबरात विधिमंडळ बेळगावात येतं. तेव्हा आमदारांना भेटून तांत्रिक विषय मांडावा म्हणतो. कसं करावं? (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर : सुवर्ण विधानसौधात अधिवेशन सुरू झाल्यावर भेटायला गेलात तर उशीर झालेला असतो. प्रश्नांच्या सूचना आधी द्याव्या लागतात, आणि अधिवेशनाच्या दिवसांत आमदारांभोवती आंदोलकांची आणि शिष्टमंडळांची गर्दी असते. ऑक्टोबरात, आमदार मतदारसंघात असताना जा. कागद एका पानाचा ठेवा, आणि त्याच्या शेवटी थेट विचारता येतील असे दोन प्रश्न लिहून द्या. आमदारांचे स्वीय सहायक तेच पुढं टाइप करून देतात. बहुतेक शिष्टमंडळं कळकळीचं भाषण करून येतात आणि प्रश्न मात्र लिहून देत नाहीत.

प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागेल. 'नावं न जुळल्यानं शेतकऱ्यांचे हाल होतात हे सरकारला माहीत आहे काय?' याला 'होय, उपाययोजना सुरू आहे' हे उत्तर पुरतं. 'बेळगाव जिल्ह्यात उतारा आणि आधार यांतलं नाव न जुळल्यामुळे प्रलंबित असलेले खातेदार तालुकावार किती, त्यांतले सहा महिन्यांहून जुने किती, आणि नाकारण्याचं कारण खातेदाराला कळवण्याची सोय आहे काय?' याला खात्याला जिल्ह्यातून आकडे मागवावे लागतात. ते मागवताना खात्याच्या आत जी चौकशी सुरू होते, तिचाच तुम्हाला उपयोग आहे. सभागृहात प्रश्न पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर मिळतं, आणि ते उत्तर पुढच्या निवेदनाचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतं.

विधान परिषद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बेळगाव, बागलकोट आणि विजयपूर हे जिल्हे मिळून वायव्य पदवीधर मतदारसंघ होतो. मतदार म्हणून नाव घालायला फॉर्म 18 लागतो; पात्रतेची तारीख 1 नोव्हेंबर, आणि तिच्याआधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली असावी. ही यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्यानं तयार होते, जुनं नाव आपोआप पुढं चालत नाही. या भागात एवढे अभियंते असताना त्यांनी आपलं नाव या यादीत न घालणं हे मोठं नुकसान आहे. ज्या आमदाराला पदवीधरांचीच मतं मागायची आहेत, तो तांत्रिक विषयाचं पान जास्त काळजीनं वाचतो.

अधिवेशनाबाहेर केडीपीची, म्हणजे जिल्ह्यातल्या विकासकामांच्या आढाव्याची बैठक आणि केंद्राच्या योजनांवर देखरेख करणारी, खासदारांच्या अध्यक्षतेखालची 'दिशा' समिती या दोन जागा आहेत. तिथं संबंधित खात्यांचे जिल्हा अधिकारी एकाच वेळी समोर असतात, त्यामुळे 'हे आमच्याकडे नाही' म्हणायची सोय राहत नाही. तुम्हाला तिथं बोलता येणार नाही. सदस्याच्या हातात कागद द्यावा लागतो.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत औद्योगिक नियंत्रण यंत्रणांचं काम करतो. केंद्र सरकार सायबर सुरक्षा, डेटा यांबद्दल मसुदे काढतं, सूचना मागवतं. एका सामान्य अभियंत्याची सूचना कुणी वाचतं का? की हजारोंनी एकच ईमेल पाठवायची?

उत्तर : वाचतात, पण कोणती, हे महत्त्वाचं. 2015 च्या सप्टेंबरात केंद्रानं एन्क्रिप्शनच्या, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात गुंफण्याच्या, धोरणाचा मसुदा काढला. वापरकर्त्यांनी संदेशाची साधी, न गुंफलेली प्रत 90 दिवस जपून ठेवावी असं त्यात होतं. असा साठा चोरांसाठी आयताच उघडा राहील, हे जाणकारांनी लगेच दाखवून दिलं आणि 22 सप्टेंबरला मसुदा मागं घेतला गेला. त्याच सुमारास काही संकेतस्थळं मोफत किंवा स्वस्त आणि बाकीची महाग, अशा इंटरनेटवरच्या भेदभावाचा वाद चालू होता. डिसेंबर 2015 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं अशा वेगवेगळ्या दरांबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला, तेव्हा फेसबुकच्या मोफत सेवेच्या बाजूनं लाखो साचेबंद प्रतिसाद आले. ते विचारलेल्या प्रश्नांना उत्तरच देत नाहीत, असं ट्रायनं कळवलं. आणि 8 फेब्रुवारी 2016 चा, असे वेगवेगळे दर लावायला बंदी करणारा नियम त्या लाखोंच्या विरुद्ध गेला. संख्येनं विषय गाजतो. नियमातला शब्द बदलायला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लागतं.

केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कायद्याचा किंवा नियमांचा मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढं असावा. हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते न पाळल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून मसुदा निघाल्याचं वर्तमानपत्रातून कळेपर्यंत थांबू नका, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचं आणि ट्रायचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा पाहा. मुदत वाढतेही : वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला, सूचनांची 18 फेब्रुवारीची मुदत पुढं 5 मार्चपर्यंत गेली. वाढेल या भरवशावर मात्र राहू नये.

सूचना चार रकान्यांत लिहा : कलम क्रमांक, आताचा मजकूर, प्रत्यक्षात काय बिघडेल, पर्यायी मजकूर. चौथा रकाना रिकामा ठेवला तर पहिल्या तिघांचा उपयोग जवळपास संपतो, कारण अधिकाऱ्याला कायदा विभागाकडे शब्द पाठवायचे असतात. तीन कलमांवर नेमकं लिहिलं तर ते वीस कलमांवरच्या मतप्रदर्शनापेक्षा पुढं जातं.

तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण घेऊ. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपणं सक्तीचं झालं. छोट्या कारखान्याची पहिली प्रतिक्रिया असते, 'एवढ्या नोंदी साठवायला परवडणार नाही.' गणित करून पाहा. सेकंदाला 50 नोंदी, प्रत्येक 200 बाइटची, तर दिवसाला सुमारे 864 एमबी आणि 180 दिवसांत 155 जीबी. हे एका साध्या हार्डडिस्कवर मावतं. म्हणजे साठवणुकीची तक्रार टिकत नाही, आणि ती पाठवलीत तर तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो. खरी अडचण सहा तासांची आहे : रात्रपाळीत नोंदी वाचणारा माणूसच नाही, आणि यंत्र बंद पडलं ते बिघाडानं की हल्ल्यानं हे सकाळी मेंटेनन्सचा माणूस आल्याशिवाय कळत नाही. तेव्हा वेळ घटना घडल्यापासून मोजायची की लक्षात आल्यापासून, असा नेमका मुद्दा घ्यायला हवा. अशा मसुद्यांत या एका शब्दावर छोट्या उद्योगाचं पालन शक्य की अशक्य ते ठरतं. त्या वेळी लघुउद्योगांना 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. क्षमतेचा अभाव नेमकेपणानं मांडला की असा दिलासा शक्य असतो.

नाव उघड होण्याबद्दल आधी वाचून घ्या. ट्रायकडच्या सूचना प्रसिद्ध होतात, 2015 मध्ये तर ईमेल पत्त्यांसह झाल्या होत्या. डेटा नियमांच्या सूचना मात्र गोपनीय ठेवल्या जातील असं सरकारनं म्हटलं होतं. संसदीय समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दप्तरात गोपनीय राहतं, ते दुसरीकडं छापू नये. खासगी नोकरीत असाल तर वैयक्तिक नागरिक म्हणून लिहा, कंपनीचं नाव, ईमेल आणि आतली माहिती वापरू नका. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्यांनी आपले सेवावर्तन नियम पाहूनच पुढं जावं.

जाता जाता भारतीय मानक ब्युरोकडं लक्ष वेधतो. मानकांचे मसुदे खुले असतात, सूचना कुणालाही देता येते, आणि तिथं गर्दी फार कमी असते. मोबाइलमध्ये 22 भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत टाइप करता यावं, ही सक्ती आयएस 16333 च्या तिसऱ्या भागातून आली. सीमाभागातल्या माणसाच्या रोजच्या वापराला भिडणारा हा निर्णय एका तांत्रिक मानकातून झाला आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका नगरसंस्थेनं कॅमेरे आणि सेन्सर बसवले. कंत्राटदार गेल्यावर डेटाही मिळेना, दुरुस्तीही होईना. हे आधी थांबवता आलं असतं का?

उत्तर : हो, निविदेच्या टप्प्यावर. करार झाल्यावर तज्ज्ञाचं मत केवळ टीका ठरतं. राज्यात खरेदी 1999 च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याखाली होते आणि निविदा राज्याच्या खरेदी पोर्टलवर दिसतात. तांत्रिक जोडपत्र उघडा आणि पाच गोष्टी शोधा. डेटाची मालकी कुणाची, असं स्पष्ट लिहिलंय का. तो कोणत्या खुल्या स्वरूपात, किती दिवसांनी सुपूर्द करायचा. इतर यंत्रणांशी जोडणीचे तपशील लेखी द्यायचे आहेत का. पासवर्ड आणि प्रशासक खाती शेवटी कुणाकडं राहणार. कंत्राट संपताना किती महिन्यांचं हस्तांतर. चौथी बाब इतकी क्षुल्लक वाटते की ती कुणी लिहीतच नाही, आणि यंत्रणा सगळ्यात आधी तिथंच अडते.

उणीव दिसली तर निविदापूर्व बैठकीच्या तारखेआधी आयुक्तांना आणि वॉर्डाच्या सदस्याला पत्र द्या. बैठकीत बोलण्याचा मान साधारणपणे इच्छुक निविदाकारांनाच मिळतो, पण पत्रावरून शुद्धिपत्रक काढायला संस्थेला अडचण नसते. 'अमुक ब्रँड नको' असं लिहू नका. स्पर्धकाचा माणूस समजले जाल. घालायचं कलमच लिहून द्या.

आता झालेल्या करारापुरतं : माहिती अधिकारात करार, कामाची व्याप्ती आणि देयकाच्या अटी यांची प्रत मागा. सोर्स कोड मागितलात तर व्यापारी गुपित म्हणून अख्खा अर्ज अडू शकतो.

प्रश्न : एका सरकारी संकेतस्थळावर पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा दाखला उघडतो. मी सुरक्षा तपासणीचं काम करतो. हे समाजमाध्यमांवर टाकून दबाव आणावा का? (चिकोडी)

उत्तर : नका टाकू, आणि आता आणखी एकही आकडा बदलून पाहू नका. परवानगीशिवाय संगणकातला डेटा पाहणं किंवा उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली येतं. अप्रामाणिक हेतू धरला गेला तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूनं शोधणाऱ्याला स्वतंत्र संरक्षण देणारं कलम या कायद्यात नाही. 'किती दाखले उघडतात ते मोजू' म्हणून छोटासा प्रोग्रॅम चालवणं ही जाणकारांच्या हातून होणारी सगळ्यात महाग चूक. दोष सिद्ध करायला तुमचा स्वतःचा आणि संमती दिलेल्या एका ओळखीच्याचा, असे दोन दाखले पुरतात.

अहवाल सर्ट-इनकडं पाठवा; दोष कळवण्यासाठी त्यांची ठरलेली पद्धत आणि नमुना आहे. पान, तारीख, वेळ, टप्पे आणि शक्य परिणाम लिहा. दुसऱ्याचा दाखला दिसतो असा स्क्रीनशॉट जोडायचाच तर नाव आणि क्रमांक झाकून. उतरवलेलं काही असेल तर ते पुसल्याचं नमूद करा. सर्ट-इनचा संदर्भ क्रमांक मिळाला की संबंधित खात्याला पत्र द्या, पण त्यात टप्पे लिहू नका, फक्त तो क्रमांक द्या. नाहीतर दोषाची कृती पाचसात टेबलांवर फिरते.

दोष बुजल्यावर तुमचं धोरणाचं काम सुरू होतं. दाखला मागणाऱ्याचा अधिकार प्रत्येक वेळी सर्व्हरवर तपासावा आणि दाखल्याचे क्रमांक ओळीनं नसावेत, ही अट पुढच्या सगळ्या सेवांच्या निविदांत घालावी, असं निवेदन ई-गव्हर्नन्स खात्याला द्या.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धोरणाच्या याच क्षेत्रात काम करता येईल का? (बेळगाव)

उत्तर : येईल. संसदेच्या आणि विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प ही पाठ्यवृत्ती खासदारासोबत संसदेचं काम करायला मिळणारी आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट 25 आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अजून ठरला नसेल तर वरच्या पहिल्या प्रश्नातली नावांची जुळणी घ्या. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचू शकणारे विद्यार्थी आपल्याकडे वर्गावर्गांत आहेत. जोड्यांचा निनावी तक्ता, तपासलेला नियम आणि दोन्ही चुकांचे आकडे एवढं झालं की प्रकल्प अहवालाची एक प्रत महाविद्यालयात द्या आणि दुसरी, कन्नड सारांश वर लावून, डीसी ऑफिसच्या आवक विभागात.